नव्या ऑर्थोपेडिक सर्जनसाठी: संघटनेत कसं शिरायचं आणि तिथे काय करायचं

एमएस ऑर्थोचा निकाल लागला, बॉण्डचं वर्ष सरलं आणि तुम्ही आपल्या गावाकडे किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन बसलात. आजवर रात्री दोन वाजता एक्स-रेची फिल्म हातात घेऊन लेक्चरर सरांना उठवता येत होतं. आता ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, भूलतज्ज्ञ आहेत, इम्प्लांट कंपनीचा माणूस आहे, आणि निर्णय तुमचा एकट्याचा. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षं हेच काम करतो. संघटनेची गरज पहिल्यांदा कळली ती अशाच एका रात्री. तेव्हा मी कुठल्याच संघटनेचा सदस्य नव्हतो. अर्ज कुठे करायचा, आधी कुठला करायचा, कॉन्फरन्सला जाऊन नेमकं काय करायचं, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. तुम्हाला ते आयतं मिळावं म्हणून हे लिहितोय.

१. आधी कोण काय करतं ते समजून घ्या

नव्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो. प्रॅक्टिसचा परवाना देते ती मेडिकल कौन्सिल. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथली नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. संघटना ही स्वेच्छेची गोष्ट. तिचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे, आणि तुमचा हात चांगला असल्याचा दाखलाही नव्हे.

इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन, म्हणजे आपण सगळे जिला आयओए म्हणतो ती, १९५५ साली अमृतसरला स्थापन झाली. त्याआधी हाडांचे सर्जन जनरल सर्जनांच्या अखिल भारतीय संघटनेतच एक विभाग म्हणून बसायचे. आयओएचं नियतकालिक ‘इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स’ १९६७ पासून निघतं. राज्यपातळीवर महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशन आहे, तिची वार्षिक परिषद म्हणजे मोआकॉन. मुंबईत बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटी आहे, ती दर वर्षी वायरॉक ही परिषद भरवते. पुण्यात पूना ऑर्थोपेडिक सोसायटी, नागपूरकडे विदर्भ ऑर्थोपेडिक सोसायटी, गोव्याची स्वतःची असोसिएशन. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांतले गट.

याशिवाय विषयवार संघटना आहेत: मणक्याची एएसएसआय, आर्थ्रोस्कोपीची इंडियन आर्थ्रोस्कोपी सोसायटी, सांधेरोपणाची आयएसएचकेएस, लहान मुलांच्या हाडांची पोसी, हाताच्या शस्त्रक्रियेची आयएसएसएच. एओ ही मात्र देशातली संघटना नव्हे. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जनांनी फ्रॅक्चर बसवण्याची तत्त्वं अभ्यासायला सुरू केलेला तो गट. तिचे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कोर्स भारतातही होतात. बेसिक कोर्स रेसिडेन्सीत राहून गेला असेल तर पहिल्या दोन वर्षांत करून टाका.

२. सुरुवात जिल्ह्यापासून करा

बहुतेक जण उलटं करतात. आधी आयओएचा फॉर्म भरतात, सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये लावतात आणि शेजारच्या तालुक्यातल्या ऑर्थोपेडिक सर्जनशी चार वर्षांत चार वाक्यंही बोललेले नसतात. माझा आग्रह आहे की पहिला फोन जिल्ह्याच्या सचिवांना करा. नंबर नसेल तर तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा, ते सगळ्यांच्याच ओटीत जातात. आपली ओळख करून द्या: कुठल्या कॉलेजचा, कुठल्या सरांच्या युनिटचा, कुठे बसतो. ‘सर, पुढची क्लिनिकल मीटिंग कधी आहे, मी आलो तर चालेल ना?’ एवढं पुरतं.

मी हे का सांगतोय ते ऐका. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी साठीतल्या एका बाईंचं खुब्याचं फ्रॅक्चर मी डीएचएसने, म्हणजे घसरत्या स्क्रूच्या प्लेटने, बसवलं. टेबलावर सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या एक्स-रेवर, सगळं छान दिसत होतं. सहाव्या आठवड्यात बाई कुबड्यांवर आत आल्या तेव्हा पाय आखूड झालेला चालतानाच दिसला. फिल्ममध्ये मांडीचं हाड आतल्या बाजूला सरकलेलं आणि स्क्रू डोक्यातून वर निघू पाहतोय. त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ दिवसांनी जिल्ह्याच्या मीटिंगला पहिल्यांदाच गेलो आणि दोन्ही फिल्म बरोबर नेल्या.

एका हॉटेलच्या मागच्या खोलीत पंधरा-सोळा जण होते. एका ज्येष्ठ सरांनी पहिली फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली, खिशातलं पेन काढलं आणि टोपण न काढताच फ्रॅक्चरच्या रेषेवरून फिरवलं: वर आतल्या बाजूला सुरू होऊन खाली बाहेरच्या बाजूला. ‘ही रेषा उलटी उतरते बघ. रिव्हर्स ऑब्लिक. तुझा स्क्रू ज्या दिशेने घसरणार, त्याच दिशेने हाड आत घसरणार. डीएचएस इथे धरूच शकत नाही. हिला नेल लागतो, हाडाच्या पोकळीत बसणारा.’ रागावले नाहीत. दुसऱ्या एका सरांनी स्क्रूचं टोक डोक्याच्या शिखरापासून किती लांब आहे ते मोजायला सांगितलं. हे अंतर, म्हणजे टिप-एपेक्स डिस्टन्स, समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही व्ह्यूंची बेरीज करून २५ मिलिमीटरच्या आत हवं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. स्वतःच्या पेशंटच्या फिल्मवर मी ते कधी मोजलं नव्हतं. त्याच सरांनी पुढच्या रविवारी येऊन माझ्याबरोबर ती केस पुन्हा केली. प्रवासखर्चही घेतला नाही. बाई आजही शेतात जातात.

म्हणून पहिल्या मीटिंगला जाताना बिघडलेली केस न्या. चांगल्या फिल्म सगळेच दाखवतात, त्यावर कोणी काही बोलत नाही. बरोबर असू द्या: ऑपरेशनआधीच्या, लगेच नंतरच्या आणि फॉलोअपच्या फिल्म, प्रत्येकीचे दोन्ही व्ह्यू, पेशंटचं वय, काम, डायबेटिस-बीपी, आणि ऑपरेशन नोट. नाव झाकलेलं हवं.

३. अर्जाआधी कौन्सिलची नोंद नीट करा

इथे अनेकांचे महिने जातात. एमबीबीएसच्या वेळी झालेली नोंदणी पुरेशी नाही. एमएस, डीएनबी किंवा डी. ऑर्थो झाल्यावर ती पात्रता कौन्सिलकडे वेगळा अर्ज करून अतिरिक्त पात्रता म्हणून चढवावी लागते. ती चढली नसेल तर संघटनेचा अर्ज अडकतो, विम्याचे पॅनल अडकतात, सगळंच अडकतं. निकालानंतर विद्यापीठाचं प्रमाणपत्र हातात आलं की पहिलं काम हेच.

कागदांची एक फाइल करून ठेवा, स्कॅनसकट:

- एमबीबीएस आणि पीजीची पदवी प्रमाणपत्रं (पदवी मिळायला वेळ असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र)
- कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, अतिरिक्त पात्रतेच्या नोंदीसह, आणि चालू नूतनीकरण
- आधार आणि पॅन
- पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सहीचा स्कॅन
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी किंवा राजपत्राची प्रत

नावाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण माझ्या बरोबरीच्या दोघींना याचा खूप त्रास झाला. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कौन्सिलवर मधलं नाव गाळलेलं. अर्ज करण्याआधी सगळीकडे एकच स्पेलिंग आहे का ते बघा. पुढे पेपर छापून येतील तेही त्याच नावाने यायला हवेत.

४. राष्ट्रीय आणि राज्य सदस्यत्व

पीजी झाल्यावर आयओएचं आजीव सदस्यत्व घेता येतं. अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून आधीच्या सदस्यांची नावं आणि त्यांचे सदस्य क्रमांक लागतात. जिल्ह्यापासून सुरुवात केली असेल तर ही अडचणच उरत नाही: ज्या सरांनी तुमची फिल्म बघितली तेच सही करतात. शुल्क वेळोवेळी बदलतं, ते संघटनेच्या कार्यालयाकडून ताजं विचारून घ्या. पैसे थेट संघटनेच्या खात्यात भरा आणि पावती जपा. मध्ये कोणी ‘मी करून देतो’ म्हणत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

पत्ता लिहिताना रेसिडेन्ट हॉस्टेलचा लिहू नका. हॉस्पिटलने दिलेला ईमेलही नको, नोकरी सुटली की तो बंद पडतो. आईवडिलांच्या घरचा पत्ता आणि स्वतःचा कायमचा ईमेल द्या. माझ्या एका मित्राच्या निवडणुकीच्या सूचना आणि कॉन्फरन्सची पत्रं सहा वर्षं हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर जात होती.

विषयवार संघटनांची घाई नको. पहिल्या वर्षी उत्साहात पाच ठिकाणी पैसे भरणारे मी पाहिलेत. दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे कुठले पेशंट जास्त येतात, तुमचा ओढा कुठे आहे, ते कळतं. मग एकच निवडा आणि तिथे मनापासून जा.

५. पहिली कॉन्फरन्स

पहिल्या वर्षी आयओएकॉनला, म्हणजे आयओएच्या वार्षिक परिषदेला, गेलात तर हरवून जाल. एकाच वेळी कितीतरी हॉल चालू असतात आणि ओळखीचं कोणी नसतं. त्यापेक्षा मोआकॉन किंवा वायरॉकने सुरुवात करा. वायरॉक डिसेंबरच्या सुमारास मुंबईत असते. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचता येतं. नोंदणी लवकर केली की शुल्क कमी पडतं, मुदत टळली की चांगलंच वाढतं.

कार्यक्रमपत्रिका आल्यावर घरीच खुणा करा. मोठ्या नावांची व्याख्यानं ऐका, पण माझ्या मते खरं शिक्षण होतं ते केस डिस्कशनमध्ये. चार अनुभवी सर्जन एकाच फिल्मवर चार वेगळी मतं देतात आणि प्रत्येक जण आपलं कारण सांगतो. कारणं लिहून घ्या. प्लेट कुठली वापरली त्यापेक्षा ‘मी इथे ऑपरेशन का केलं नसतं’ हे वाक्य जास्त उपयोगी पडतं. प्रश्न विचारायला लाजू नका. माइकपाशी उभं राहून नाव-गाव सांगा आणि एकच प्रश्न विचारा.

कॉन्फरन्सच्या हजेरीचे क्रेडिट पॉइंट विसरू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात. हजेरीची नोंद होते, त्यामुळे कौन्सिलचा नोंदणी क्रमांक अचूक द्या आणि आपल्या खात्यात पॉइंट जमा झाले का ते महिन्याभरात तपासा. पाचव्या वर्षाच्या शेवटी धावपळ करणारे दर वेळी भेटतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. इम्प्लांट कंपनीचा माणूस ‘सर, तिकीट आणि हॉटेल आमच्याकडे’ म्हणेल. घेऊ नका. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारनियमांत २००९ साली झालेल्या दुरुस्तीने प्रवास, पाहुणचार आणि भेटी घ्यायला डॉक्टरांना बंदी केली आहे. नियम बाजूला ठेवला तरी, ज्याने तुमचं तिकीट काढलं त्याच्या ट्रेमधला स्क्रू हलका वाटला तर तो परत करताना तुमचा हात अडखळणार. पहिल्या वर्षी पैसे कमी असतात, मलाही माहीत आहे. दोघांत खोली घ्या, एकच दिवस जा, पण स्वतःच्या पैशाने जा.

६. केसची वही ठेवा

हे पायऱ्यांत कोणी सांगत नाही, पण संघटनेचं सगळ्यात मोठं काम यातूनच उभं राहतं. स्वीडनमध्ये १९७५ सालापासून गुडघ्याच्या सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही आहे. ऑस्ट्रेलियन ऑर्थोपेडिक असोसिएशनने १९९९ साली आपली सुरू केली. त्यात प्रत्येक सर्जन कुठला सांधा बसवला आणि तो कधी काढावा लागला हे कळवतो. एका जातीचा धातूवर-धातू कृत्रिम खुबा वेळेआधीच काढावा लागतोय, हे त्या ऑस्ट्रेलियन नोंदींतून लवकर दिसलं आणि २०१० साली तो जगभरातून परत मागवला गेला. एकेका सर्जनच्या हातात असे मोजकेच पेशंट असतात. त्यांच्यापैकी कोणालाही ते एकट्याने कळलं नसतं.

आपल्याकडे आयएसएचकेएसने सांधेरोपणाच्या नोंदी गोळा करायला घेतल्या आहेत. तुम्ही सांधे बसवत असाल तर माहिती द्या. बसवत नसाल तरी पहिल्या केसपासून एक साधी एक्सेल ठेवा: तारीख, वय, फ्रॅक्चरचा प्रकार, इम्प्लांट आणि त्याचा बॅच क्रमांक, किती दिवसांनी भार दिला, कधी जुळलं, जंतुसंसर्ग झाला का. इम्प्लांटचं स्टिकर केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर, दोन्हीकडे चिकटवा.

७. पहिला पेपर

वही असली की पेपर आपोआप निघतो. शेतीच्या यंत्रांत हात सापडलेले पेशंट तुमच्याकडे मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलपेक्षा जास्त येतात, तो तुमचा विषय. ॲबस्ट्रॅक्टची मुदत कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी संपते. एथिक्स कमिटीची परवानगी लागते. छोट्या हॉस्पिटलात कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजबरोबर मिळून काम करा. फ्री पेपरला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून घरी घड्याळ लावून तीनदा बोलून बघा. फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा. व्हिडिओ असेल तर तिथल्या कॉम्प्युटरवर आदल्या दिवशी चालवून बघा.

निकालात अपयश लपवू नका. वीसपैकी तिघांना संसर्ग झाला तर तीनच लिहा. सभागृहात बसलेले सगळे ऑपरेशन करतात, त्यांना शून्य बघून विश्वास बसत नाही.

८. फेलोशिप

आयओए, बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटी, विषयवार संघटना, एओ, सगळ्यांच्या फेलोशिप असतात. काही देशातल्या, काही परदेशातल्या, काही दोन आठवड्यांच्या, काही वर्षभराच्या. बहुतेकींना वयाची मर्यादा आणि सदस्यत्वाची अट असते, म्हणून सदस्यत्व लांबवू नका. प्रॅक्टिस थांबवणं परवडत नसेल तर एका केंद्रावर जाऊन चार आठवडे नुसतं बघा. मी लहान मुलांच्या जन्मतः वाकड्या पायांसाठी पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर असंच शिकलो.

९. व्हॉट्सॲपवर फिल्म टाकताना

जिल्ह्याच्या ग्रुपवर तुम्हाला घेतील. रात्री अकरा वाजता फिल्म टाकून दहा मिनिटांत तीन उत्तरं मिळतात, ही आमच्यासारख्यांसाठी फार मोठी सोय आहे. पण फिल्मच्या कोपऱ्यातलं पेशंटचं नाव झाका, चेहरा येऊ देऊ नका, फोटो काढण्याआधी पेशंटची संमती घ्या आणि ती लिहून ठेवा. दुसऱ्या सर्जनने आधी केलेली केस तुमच्याकडे आली तर त्या सर्जनला आधी फोन करा. त्याच्यावर ग्रुपवर शेरा मारणं पुढे कोर्टातही पोचतं, आणि त्या रात्री त्याच्या ओटीत काय परिस्थिती होती हे तुम्हाला ठाऊक नसतं.

१०. ४ ऑगस्ट आणि लोकांमधलं काम

आयओएच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट हा बोन अँड जॉइंट डे म्हणून पाळला जातो. अनेक ठिकाणी त्या दिवशी हाडांची घनता मोजण्याचं शिबिर होतं, फोटो निघतात आणि संपतं. तुम्ही नवे आहात, तुमच्याकडे जोम आहे, म्हणून सुचवतो: त्या दिवशी एसटी स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांना, पोलीस ठाण्यात हवालदारांना आणि उपकेंद्रात आशाताईंना प्रत्यक्ष हाताने शिकवा.

आम्ही काय शिकवतो ते सांगतो. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा बांधायचा. दोन काठ्या किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र चालतं. उघड्या जखमेवर स्वच्छ कापड, हळद नाही, चहाची पूड नाही. मान-पाठ दुखत असेल तर चौघांनी मिळून ओंडक्यासारखं सरळ वळवायचं. कडबाकुट्टीत बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय आणि पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, हे हवालदारांनाच बऱ्याचदा नवीन असतं.

आशाताईंना मात्र एक गोष्ट जास्त वेळ देऊन शिकवतो. लहान मूल पडतं, हात सुजतो, घरचे हाडवैद्याकडे नेतात आणि तो बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधून देतो. दोन दिवसांनी मूल रडायचं थांबत नाही. मी आशाताईंना माझ्याच हाताची बोटं सरळ करून दाखवतो: ‘मुलाची बोटं अशी हळूच सरळ करा. मूल किंचाळलं, बोटं सुन्न असली, गार किंवा निळी असली तर बांधलेलं सगळं कातडीपर्यंत कापा आणि लगेच गाडी करा. उद्या सकाळी नको, आत्ता.’ रक्त न पोचलेला स्नायू काही तासांत मरतो आणि हात जन्मभर पंज्यासारखा आखडतो. परवाच्या पावसाळ्यात एका आशाताईंनी घरातल्या भाजीच्या कात्रीने असं बांधलेलं कापून साडेपाच वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणलं. तिची बोटं तासाभरात गुलाबी झाली. हाडवैद्यांशी भांडू नका, त्यांनाही शिबिराला बोलवा. आमच्याकडचे दोघे आता कोपराचं फ्रॅक्चर हात न लावता पाठवून देतात.

११. मत द्या, आणि लहान काम मागून घ्या

निवडणुकीआधी मतदारयादीत आपलं नाव, फोन आणि ईमेल बरोबर आहे का ते बघा. वार्षिक सभेला हिशोब मांडला जातो तेव्हा हॉलमध्ये थांबा.

जिल्ह्यात पहिल्या दोन वर्षांत पद मागू नका, काम मागा. मीटिंगची खोली ठरवणं, केस पाठवायची आठवण करणं, कोणी काय सुचवलं आणि पुढे पेशंटचं काय झालं याची नोंद ठेवणं. ही शेवटची नोंद आमच्याकडे गेली पाच वर्षं एक तरुण सहकारी ठेवतेय. दर मीटिंगची सुरुवात मागच्या वेळच्या फिल्मचं पुढे काय झालं इथून होते, आणि ज्याची केस असेल त्याने नवी फिल्म आणायचीच असते.